येतंय की आठवतंय

८ सप्टेंबर, सोमवार

गणपतीची सुट्टी संपली. सकाळी हॉस्पिटलात पोचते न पोचते तोच पाटणकर मॅडमचा निरोप, मला आणि नदीमला केबिनमध्ये बोलावलंय. मॅडम प्रशासन बघतात, त्यांनी बोलावलं की काहीतरी असतंच. विषय नेटवर्कच्या सुरक्षेचा. दुसऱ्या कुठल्याशा हॉस्पिटलात व्हायरस शिरला, पेशंटचे सगळे रिपोर्ट कुलूपबंद झाले, ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. आपल्याकडे तसं व्हायला नको. म्हणून दोघांपैकी जो दिवाळीपर्यंत सुरक्षेची परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट आणेल त्याच्याकडे सगळी जबाबदारी. पदही वरचं.

बाहेर आल्यावर नदीम म्हणाला, "ताई, एकत्रच करू अभ्यास. नंतर बघू कोण काय होतं ते."

हॉस्पिटलचे कॉम्प्युटर आम्ही दोघंच सांभाळतो, चार वर्षं झाली. मी चौलहून येते, तो रेवदंड्याहून. कधी भांडण नाही. आता हे मध्ये यायला नको.

१४ सप्टेंबर, रविवार

पनवेलच्या एका क्लासमध्ये दोघांनी नाव घातलं. रविवारी ऑनलाइन वर्ग. सर भराभर बोलतात. निम्मं डोक्यावरून गेलं. वर्गात पालीची एक मुलगी आहे, स्नेहल. खूप विचारते. सरांनी दोनदा टाळलं, तरी विचारतेच. मला आवडली. नंतर तिने मेसेज केला, "ताई, तुम्हाला तरी कळलं का?" मी लिहिलं, नाही. तिने हसरा चेहरा पाठवला.

इतक्या वर्षांनी पुस्तक उघडलं की झोप येते. पण चहा घेऊन ओटीवर बसले आणि आज तरी आली नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज जे कळलं ते नीट लिहून ठेवायचंय.

दोन कॉम्प्युटर, कधी न भेटलेले. मधल्या तारेवर जे जातं ते कुणालाही ऐकता येतं. आणि ते दोघं त्याच तारेवरून, सगळ्यांदेखत, एक गुपित ठरवतात. ते गुपित फक्त त्या दोघांकडेच राहतं. आधीपासून काहीही ठरलेलं नसताना.

नदीमने कॅन्टीनमध्ये सांगितलं तेव्हा मी म्हटलं, शक्य नाही. चोर मध्ये बसून सगळं ऐकतोय तर गुपित राहील कसं? तो म्हणाला, मलाही दोन दिवस पटत नव्हतं. मग त्याने आकडे मांडून दाखवलं. पटलं, पण मनात उतरलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याने, मिलिंदने, शाळेतून आणलेले चित्रकलेचे रंग काढले. एका ग्लासात पिवळं पाणी, सगळ्यांना दिसेल असं. सासूबाईंना म्हटलं, आई, तुम्ही मनात एक रंग धरा, मी एक धरते, मिलिंदला सांगायचं नाही. त्या आत गेल्या आणि आपला रंग पिवळ्यात मिसळून आणला, नारिंगी झाला. माझा हिरवा झाला. मिलिंदच्या समोरून ग्लासांची अदलाबदल केली. मग त्यांच्या नारिंगीत मी माझा रंग घातला, माझ्या हिरव्यात त्यांनी त्यांचा. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले.

एकच रंग. मातकट, पण तंतोतंत एकच.

मिलिंदने नारिंगी न् हिरवा एकत्र करून पाहिला. जमला नाही, त्याचा पिवळा जास्त झाला. हिरव्यातून निळा परत काढता येतो का बघ म्हटलं, तर ग्लास हातात घेऊन नुसता बघत राहिला.

आई म्हणाल्या, "म्हणजे हा मधे उभा राहून सगळं बघत होता तरी ह्याला कळलं न्हाय?"

त्या बराच वेळ दोन्ही ग्लास उजेडाकडे धरून बघत होत्या. मीही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी एका म्हाताऱ्या बाईंचा ईसीजी इथून मुंबईच्या डॉक्टरांकडे गेला. एरवी मी बघतही नाही. आज थांबले. त्या क्षणी इथलं यंत्र न् तिकडचं यंत्र, कुणीतरी ऐकत असेल हे गृहीत धरून, आपसात गुपित ठरवत होती. मग ईसीजी गेला. बाई खुर्चीवर बसून मुलीला विचारत होत्या, एसटी किती वाजता.

असं दिवसभर चालू असतं. हजारदा. आणि मी चार वर्षं त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला.

२४ सप्टेंबर, बुधवार

सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात जुने तीन कॉम्प्युटर जोडून नदीमने सरावाची जागा केलीय. मुद्दाम बिघाड करायचा, मग शोधायचा. जेवणाच्या सुट्टीत रोज तेच. आज मी त्याने लपवलेला बिघाड त्याने सांगायच्या आधी शोधला. त्याने डब्यातला बोंबील माझ्याकडे सरकवला.

शाळेत असताना असा अभ्यास केला असता तर कुठे असते. असो.

२८ सप्टेंबर, रविवार

वर्गात सरांनी सराव संच पाठवला. मोठीच्या मोठी फाइल. म्हणाले, "आता पुस्तक बंद. हा संच तोंडपाठ करा. यातलं सोडून काही करू नका." वर्गात सगळे खूश.

संध्याकाळी सोडवायला घेतला. प्रश्न चांगले आहेत, नेमके. आपण तयार होतोय असं वाटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

संचातल्या एका प्रश्नावरून नदीमशी वाद. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरल्याचा संशय आला तर सर्वात आधी काय कराल? संचातलं उत्तर, तो बंद करा. नदीम म्हणे, चूक. बंद केला तर व्हायरस कुठून आला, काय करत होता, याचा माग मेमरीतून पुसला जातो. नेटवर्कची वायर काढायची, कॉम्प्युटर चालू ठेवायचा. आम्ही सरावाच्या मशीनवर करून पाहिलं. त्याचंच बरोबर.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "तुमचं बरोबर असेल, पण तुम्ही संचातलंच लिहा. पाठ केलंय तसं."

फोन ठेवल्यावर नदीम म्हणाला, हे काय उत्तर झालं.

मीही तेच म्हणाले. पण नंतर प्रश्न पुढे आला की माझं बोट संचातल्या उत्तरावरच जायला लागलं. इतक्यांदा सोडवलंय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज नदीमची परीक्षा होती, वाशीच्या सेंटरवर. माझी सतरा तारखेला. सकाळी त्याला शुभेच्छा दिल्या. दुपारी फोन लागेना. संध्याकाळी तो थेट चौलला आला, बाइक फाटकाशी लावली आणि वाडीतल्या बांधावर बसला. आईंनी पाणी दिलं.

"उठून आलो," म्हणाला.

मला वाटलं बरं नसेल.

मग सावकाश सांगितलं. पहिला प्रश्न स्क्रीनवर आला, पुरता वाचायच्या आधीच उत्तर सुचलं. दुसऱ्याचंही तेच. त्याला वाटलं अभ्यास झालाय. मग एका प्रश्नात एका खोट्या कंपनीचं नाव आलं. संचात होतं तेच. तिच्या शाखाही त्याच, त्याच क्रमाने. पुढचा प्रश्न, तोही संचातला. तेव्हा त्याला कळलं की हा सराव संच नाही, हा खरा पेपर आहे, कुणीतरी बाहेर काढलेला. बाहेर याला 'डम्प' म्हणतात म्हणे.

"मग?" मी विचारलं.

"सुरुवातीलाच स्क्रीनवर हमी घेतात ताई. हे प्रश्न मी आधी पाहिलेले नाहीत. मी 'होय' दाबलं होतं. त्या वेळी ते खरं होतं. मग नव्हतं." पुढे म्हणाला, "आणि मला कळेना, की मला हे येतंय की नुसतं आठवतंय. एकेका प्रश्नावर थांबून बघितलं. वेगळं काढताच येईना."

तो उठला. तिथल्या बाईंनी विचारलं, तब्येत बरी नाही का, आता सोडलंत तर नापास धरलं जाईल. त्याने हो म्हटलं न् पेपर तिथेच सोडला. स्क्रीनवर नापास.

मी म्हटलं, वेडा आहेस का. तुझ्याइतकं कुणाला येतं. तू चोरी केली नव्हतीस.

तो म्हणाला, "केली नव्हतीच. पुढचा प्रश्न सोडवला असता तर झाली असती."

दिवेलागणीला गेला. मी फाटकाशी उभी होते. तो एवढा परीक्षेसाठी राबला आणि पेपरात सगळं येत असताना उठला. कुणी बघत नव्हतं, कुणी विचारलं नसतं. असा माणूस रोज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

पाटणकर मॅडमना फक्त निकाल कळला. "नदीम, तुमच्याकडून अपेक्षा होती." तो मान खाली घालून "हो मॅडम" म्हणाला. मी तोंड उघडणार तर त्याने टेबलाखालून खूण केली.

बाहेर विचारलं, सांगत का नाहीस? म्हणाला, सांगितलं तर आपण मोठे झाल्यासारखं होतं. आणि मग तुमच्यावर येईल, तुमची परीक्षा व्हायचीय.

माझी व्हायचीय, हे मी कालपासून एकदाही नीट डोक्यात येऊ दिलं नव्हतं. मीही संच पाहिलाय. पाठ आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मिलिंद मास्तर आहे, त्याचं म्हणणं मास्तरासारखं. "तुला सराव म्हणून दिलं, तू सराव म्हणून घेतलंस. दोष तुझा नाही. आणि तू अभ्यास केलायस, मी बघितलाय." हे सगळं खरं आहे.

आई म्हणाल्या, "नापास झाली तर पद जाणार, पास झाली तर ह्या नदीमला तोंड दाखवायचं कसं. बघ बाय, तुझं तू." म्हणजे त्यांनाही सोपं वाटत नाही.

मला पद हवंय. हे लिहायलाच हवं. नदीम आता यंदा तरी मोकळा झाला, म्हणजे ते माझंच आहे. हा विचार मनात आला आणि त्याची शरम वाटली, तरी तो गेला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

एक्सरेच्या खोलीतला कॉम्प्युटर दुपारी अचानक वेड्यासारखं वागायला लागला. आपोआप इतर सगळ्या मशीनची दारं ठोठावत होता. स्क्रीनवर ओळींमागून ओळी. अतिदक्षता विभागातून फोन, रिपोर्ट दिसत नाहीत. एक्सरेचा मुलगा घाबरून बाजूला उभा.

मी पुढे झाले आणि हात सरळ बंद करायच्या बटणाकडे गेला.

नदीमने मनगट धरलं. "बंद नको ताई. वायर."

वायर मी काढली. ठोठावणं थांबलं. आयसीयूचे रिपोर्ट परत दिसायला लागले. कॉम्प्युटर चालू होता म्हणूनच पुढच्या तासाभरात कळलं की कुणीतरी घरून आणलेला पेन ड्राइव्ह लावला होता. बंद केला असता तर माग पुसला गेला असता आणि उद्या तोच पेन ड्राइव्ह दुसरीकडे लागला असता.

हे मला माहीत होतं. सरावाच्या मशीनवर स्वतः करून पाहिलं होतं, नदीमशी वाद घातला होता त्याच दिवशी. तरी हाताला आठवलं ते संचातलं. शिकलेलं खाली गेलं आणि पाठ केलेलं वर आलं.

कुणाला काही झालं नाही. पण घरी येताना आक्षीच्या पुलावर स्कूटर थांबवून थोडा वेळ उभी राहिले.

१२ ऑक्टोबर, रविवार

सरांना फोन केला. सरळ विचारलं, हा खरा पेपर आहे का.

ते अजिबात गडबडले नाहीत. "मॅडम, चोरी कसली. मुलं परीक्षा देऊन येतात, एकाला दोन प्रश्न आठवतात, दुसऱ्याला चार. आम्ही लिहून घेतो. जोडत जोडत सगळा पेपर होतो. तुम्हीही सतराला बाहेर आलात की आधी मला फोन करा, ताजं असतं तोवर."

मी फोन ठेवला. त्यावर विचार करत बसले. कुठे कुठे बसलेली, एकमेकांना न ओळखणारी शेकडो माणसं, प्रत्येकाने दोन-चार ओळी डोक्यात धरून आणलेल्या, आणि त्यातून अख्खा पेपर उभा. माणसांच्या आठवणीची केवढी ताकद ही. आणि ती कशाला लावलीय.

आजच्या वर्गात स्नेहल विचारत होती, "सर, संचातलं उत्तर असं का आहे?" सर म्हणाले, "का ते सोड, काय ते लक्षात ठेव."

१३ ऑक्टोबर, सोमवार

परीक्षा घेणाऱ्या संस्थेला ई-मेल लिहिला. संच जोडला. क्लासचं नाव दिलं. लिहिलं की मी हे सराव समजून पाहिलंय, आता विसरू शकत नाही, मला वेगळा पेपर द्या किंवा तारीख पुढे ढकला.

पाठवण्याआधी मिलिंदला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. "तुझंच नाव काळ्या यादीत गेलं तर?"

"जाईल."

"पाठव मग," म्हणाला, पण चेहरा उतरलेला होता.

नदीमला नंतर सांगितलं. त्याने ई-मेल पुरता वाचला. मग म्हणाला, "मी फक्त उठून आलो. हे मला सुचलं नव्हतं." त्याच्या आवाजात कौतुक होतं. मला ते घ्यावंसं वाटेना. त्याने दुसऱ्या कुणाचं नावही घेतलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उत्तर आलं. चौकशी होईपर्यंत माझी परीक्षा स्थगित. आणि त्या क्लासमार्फत नोंदणी केलेल्या सगळ्यांची.

सगळ्यांची. हे मी धरलंच नव्हतं.

वर्गाच्या ग्रुपवर दिवसभर आग. कुणी तक्रार केली, कुणाच्या पोटात दुखलं. एकाने लिहिलंय की दिवाळीनंतर नवी नोकरी लागणार होती, सर्टिफिकेटवर अडली. मी काही लिहिलं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं, माझं आणि नदीमचं दोन्ही. नदीम रागावेल तर रागावो. मॅडम पेन फिरवत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सुजाता, मला सर्टिफिकेट लागतं. गोष्ट चांगली आहे, पण फाइलला गोष्ट लावता येत नाही." मग थोड्या वेळाने, "शनिवारी एक्सरेच्या खोलीत होतात ते तुम्ही दोघंच ना?" हो म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवला. दिवाळीनंतर बघू म्हणाल्या.

नदीम रागावला नाही. फक्त म्हणाला, "मला विचारायला हवं होतंत." हवं होतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

स्नेहलचा फोन. गुरुवारी तिची परीक्षा होती, रद्द झाली. ती काम करते त्या कंपनीने मुदत दिली होती म्हणे, ती संपली. रडत नव्हती, पण आवाज कोरडा. "ताई, कुणी केलं असेल हो हे?"

ओटीवर आई सुपारी सोलत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघत मी म्हटलं, "मी केलं."

मी सांगायला लागले, नदीमचं, एक्सरेच्या खोलीचं. तिने मध्येच फोन ठेवला. बरोबर आहे. सांगायचं ते आधी सांगायचं असतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी गेली. फराळ केला, पाहुणे आले, दिवेआगरची नणंद राहून गेली. सगळ्यांशी बोलले. स्नेहलचा विचार डोक्यातून गेला नाही. दोनदा नंबर काढला, लावला नाही.

नदीम आणि मी परत सरावाला बसतो. संच पुसून टाकलाय. पण पुसलाय तो मशीनवरून. प्रश्न वाचताना अजूनही एखादं उत्तर मागून येऊन खांद्यावर हात ठेवतं. मग मी पुस्तक बंद करून स्वतःशीच विचारते, का? 'का'चं उत्तर देता आलं तर ते माझं. नाही देता आलं तर पुन्हा पहिल्यापासून. असं एकेक परत मिळवायला लागतंय. हळू आहे, पण जे परत येतं ते काय सुंदर असतं. पहिल्यांदा कळलं तेव्हाही एवढं नव्हतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

संस्थेचा ई-मेल. माझी चौकशी पूर्ण, नवी तारीख, नवा पेपर. नदीमनेही चौकशीत आपलं सांगितलं होतं, त्यालाही पुन्हा बसता येईल. तक्रार स्वतःहून केल्याबद्दल आभार. बाकीच्यांची चौकशी चालू.

नदीम म्हणाला, बसू या. मी म्हटलं, बघू.

म्हणजे ज्याने सांगितलं त्याला दार उघडलं, आणि ज्याने माझ्यासारखाच सराव समजून अभ्यास केला तो बाहेर. तारीख पक्की करायला आठवडा आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी स्नेहलने स्वतःहून फोन केला. आवाज पूर्वीसारखा नाही, पण बोलली. कंपनीने तिला दुसऱ्या कामावर ठेवलंय. पुस्तक परत पहिल्यापासून काढलंय म्हणाली, आणि एक शंका विचारली. सोपी नव्हती. मी सांगितलं, तिला पटलं नाही, तिने उलट विचारलं, मी अडकले, मग दोघींनी मिळून सोडवलं. तासभर गेला असेल.

मग म्हणाली, "तुम्हाला तारीख आली का ताई?"

"आली."

"मला नाही आली."

मी म्हटलं, मी अजून पक्की केलेली नाही.

"नाही, तुम्ही बसा. बसाच. आणि बाहेर आलात की मला फोन करा, नवा पेपर कसा..."

थांबली. तिकडे एसटी स्टँडचा गलका ऐकू येत होता, पाली-खोपोलीच्या गाडीची घोषणा.

"नको," ती म्हणाली. "सांगू नका."

फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.